बैल असा चालते काय?

अकोल्याच्या जुन्या शहरात मी खोली शोधत होते, तेव्हाची गोष्ट. एका घरावर पाटी दिसली म्हणून आत गेले. ओसरीवर बशीत चहा ओतून एक सत्तरीला टेकलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. नखशिखांत पाहिलं म्हणावं, तर नजर नखावरच थांबली, शिखेपर्यंत आलीच नाही. मग म्हणाले, "त्या नळापर्यंत चालत जाय अन् वापस ये."

मला वाटलं, पाणी किती येतं ते दाखवायचं असेल. गेले आणि आले.

"आता जराशी लवकर."

पुन्हा गेले. परत येईपर्यंत त्यांचा चहा संपला होता.

"उजव्या टाचीवर जोर कमी देते तू. लहानपनी पडली होती काय?"

मी पडले होते. सातवीत असताना, अंजनगावला आमच्या घरामागच्या चिंचेवरून. ही गोष्ट मी स्वतःसुद्धा विसरले होते.

"खोली वरती हाय. पंखा हाय. कूलर तुझा तू आन," ते म्हणाले, आणि व्यवहार संपला.

दारात उभ्या असलेल्या काकू हसत होत्या. "घाबरू नको माय," त्या म्हणाल्या. "यायनं मलेही असंच पाह्यलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन आली, तं म्हने, ट्रे ठेव अन् वापस चालत जा. माह्या बापाले वाटलं, नापसंत केली पोरगी."

काका पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी तेल्हारा तालुक्यात, त्यातली बरीच वर्षं हिवरखेडला. गावोगाव लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते प्रत्येकाला सांगत, "डॉक्टर नाही, पर्यवेक्षक." लोक म्हणत, "बरं डॉक्टर." गोठ्यात शिरायच्या आधी ते जनावराला बाहेर काढून चालायला लावत. ताप, पोटफुगी, खुरातला काटा, गाभण आहे की नाही, हे सगळं त्यांना म्हणे चालीवरून कळत असे. "जनावर बोलत नाही," ते म्हणत, "पन त्याच्या चालीत सारं लिहेल असते. वाचनारा पाह्यजे."

निवृत्तीनंतर वाचायला काही उरलं नाही. गल्लीत एक मोकाट गाय आणि शेजारच्यांची बकरी, एवढीच जनावरं. त्या दोघींची तब्येत ठणठणीत. काका माणसांच्या चाली पाहायला लागले. पोस्टमनला त्यांनी गुडघा दाखवून यायला लावलं, दूधवाल्याला चप्पल बदलायला लावली. लोक दुसऱ्या गल्लीनं जायला लागले. तेवढ्यात पुण्याच्या मुलानं मोठा टीव्ही पाठवला, आणि एका दुपारी बटणं दाबता दाबता काकांसमोर एक कार्टून लागलं. त्यात एक गाय चालत होती. काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि ओरडले, "अवं, हे पाह्य! हिले तं चारही पायाले झालं काहीतरी!"

त्या दिवसापासून ते कार्टूनं पाहायला लागले. साधी नाहीत, जगातली सगळ्यात वाईट. तासन् तास धुंडाळून काढायची. चांगली लागली की लगेच बंद. मी एकदा विचारलं, "काका, चांगली कावून नाही पाहत?"

"निरोग्या ढोराले कोनी दवाखान्यात आनते काय?" ते म्हणाले.

दुपारी जेवण झालं की दोन ते चार त्यांची ओपीडी चाले. कूलर समोर, पाय स्टुलावर, मांडीवर दवाखान्यातले उरलेले केसपेपर. एकेका जनावराचा एकेक कागद. मी रविवारी घरी असायची, तेव्हा मलाही बसवत. त्यातले काही कागद मला अजून पाठ आहेत. "रुग्ण: गाय, रंग जांभळा. लक्षण: हसताना वरचे समोरचे दात दिसतात. निदान: गाईले वरते समोरून दातच नसतात. उपचार: काढणाऱ्यास एक दिवस गोठ्यात बांधावे." दुसरा कागद बकरीचा होता. तिला गाईसारखी चार थानं काढली होती आणि काकांनी खाली लिहिलं होतं, "दोन जास्त. शस्त्रक्रिया." आणखी एका गाईचा गुन्हा असा, की ती झोपेतून उठताना आधी पुढचे पाय टेकवून उठली. "घोडा तसा उठते!" काका टीव्हीला समजावत होते. "गाय आधी मागचं अंग उचलते! एवढंही नाही पाह्यलं काय रे तुमी कोनी?"

एकदा मी त्यांना डिवचलं. "काका, तो घोडा उडून राहिला. त्याचं काही नाही, अन् गुडघा उलटा वळला त्याचं एवढं?"

"उडू दे ना!" ते एकदम खुशीत आले. "उडू दे, बोलू दे, गाणं म्हनू दे. जनावर बोललं तं मले आनंदच हाय, सारी नोकरी त्याचीच वाट पाह्यली मी. पन खाली उतरल्यावर तं नीट चाल ना बाप्पा!"

आता मी अमरावतीला असते. अजूनही दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजतो आणि पलीकडून हॅलो न म्हणता आवाज येतो, "पाह्य, पाह्य, पाठवलं तुले! कोंबडीले दात!"

त्यांच्याबरोबर थिएटरात जाणं हा तर सोहळाच होता. एका हरवलेल्या वासराची गोष्ट सांगणारा अख्खा अडीच तासांचा कार्टून सिनेमा अकोल्यात लागला होता. पेपरात त्याला कोणीतरी अतिशय भिकार म्हटलं होतं, आणि ते वाचून काकांनी त्याच दिवशीची तीन तिकिटं काढली. दुपारचा शो. आम्ही धरून नऊ माणसं. पहिल्या प्रसंगात वासरू पांढरं होतं, नदीत पडलं आणि तपकिरी होऊन बाहेर आलं. काकांनी माझा दंड धरला. "धुतल्यावर मळलं!" मग वासराची आई आली. तिला मध्यंतरापर्यंत शिंगं होती. मध्यंतरानंतर नव्हती. काका उभे राहिले.

"शिंगं गेली! चहा प्यायला गेलो तं शिंगं नेली कोनी!"

पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "काका, बसा ना."

"बसू कसा? ते वासरू पाहा तुमी! चारही पाय पोटाच्या मधातून निघून राह्यले, टेबलासारखे!"

त्या माणसानं वळून पाहिलं आणि तो फिस्सकन हसला. दहा मिनिटांनी तोच ओरडत होता, "काका, शेपूट! शेपूट पाहा, कुठून निघालं!" शेवटी शेवटी नऊच्या नऊ माणसं चुका मोजत होती. झोपलेल्या काकू सोडून आठ म्हणा. वासरू आईला भेटलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्या क्षणी त्याला पाचवा पाय फुटला होता. बाहेर आल्यावर गेटवरच्यानं विचारलं, "कसा हाय पिच्चर?"

"एकदम भंगार!" काकांचा चेहरा उजळून निघाला होता. "चुकवू नको!"

मीही हसले, खूप हसले. पण एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं की माझी नोकरी कसली आहे. "कॉम्प्युटरचं काम," एवढंच म्हटलं होतं. खरं म्हणजे मी अमरावतीला ॲनिमेशनचा कोर्स करून अकोल्यातल्या एका छोट्या स्टुडिओत लागले होते. चार कॉम्प्युटर, सहा माणसं, एक सर. आम्ही लहान मुलांची गाणी बनवून यूट्यूबवर टाकायचो. महिन्याला बारा गाणी. हत्ती, ससा, मोर, माकड, जे गाणं येईल ते जनावर. धड एकदा काढायचं, पाय चार टाचण्यांनी टोचल्यासारखे जोडायचे आणि कात्रीसारखे हलवायचे. खाली रस्ता सरकवला की जनावर चाललं.

एका रविवारी सकाळी जिन्याखालून आरोळी आली. "पोरी! खाली ये! लवकर! सापडला!"

मी ओल्या केसांनी खाली धावले. काका मोबाईल नाचवत होते. "सारे मांगं पडले! जगातला सगळ्यात खराब बैल सापडला! बैस, बैस. अवं, तूही ये!"

त्यांनी तो टीव्हीवर लावला. गाणं सुरू झालं, आणि पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, निळ्या डोळ्यांचा एक नंदीबैल डाव्या बाजूनं आत आला.

तो माझा होता.

काकांनी तो थांबवला, मागे नेला, पुढे नेला. "पाह्य! डाव्या अंगाचे दोन्ही पाय संगच उचलले, मंग उजव्या अंगाचे दोन्ही. बैल असा चालते काय? हा उंट हाय, उंट! बैलाची कातडी पांघरेल उंट! अन् खांदा पाह्य, दगड हाय दगड. अन् पाऊल टेकते तिथं टेकतच नाही, घसरते. याले बर्फावर सोडलं काय?" अर्धा तास चाललं होतं ते. मी हसत होते. म्हणजे तोंड तसं ठेवलं होतं. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पुरे."

"पुरे कसं? याचा तं फोटो फ्रेम करतो मी."

"काका," मी म्हटलं, "तो बैल मी काढला हाय."

टीव्हीवर गाणं चालूच होतं. काकांनी ते बंद केलं नाही. माफीही मागितली नाही. दूरच्या गावाहून कोणी आजारी जनावर चालवत आणलं की पाहत असतील, तसे ते माझ्याकडे पाहत राहिले.

"किती दिवस लागले?"

"दीड."

"पाहून काढला का मनानं?"

"मनानं."

"अंजनगावची ना तू? बैल पाह्यला होता लहानपनी?"

"आमच्या दारासमोरून बाजाराचा रस्ता हाय, काका. रोज शंभर बैल जायचे."

"मंग सांग. डावा मागचा पाय उचलला, की त्याच्यानंतर कोनता उचलते?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. रस्ता आठवला, धूळ आठवली, घुंगरांचा आवाज आठवला. पाय आठवले नाहीत.

"रोज पाह्यला," काका हळू म्हणाले, "अन् एकही दिवस नाही पाह्यला."

ते शब्द मला असे लागले, की मी उठून उभीच राहिले. "महिन्याला बारा गाणी द्यावी लागतात, काका! अडीच दिवसांत एक! कुठून पाहू मी बैल? अन् लहान लेकरं पाय नाही पाहत!"

"लेकरं सारं पाह्यतात," ते म्हणाले. "त्यायले सांगता येत नाही फक्त. ढोरासारखंच."

मी वर निघून गेले. दोन दिवस जिना उतरताना ओसरीकडे पाहिलं नाही. ऑफिसातून येताना नदीपलीकडे दुसरी एक खोली पाहून आले. राग काकांचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चित्रं काढायला शिकले ती काही कात्रीसारखे पाय हलवायला नाही, आणि हे मला एका निवृत्त पर्यवेक्षकाच्या आधी ठाऊक असायला हवं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी काकू वरणफळं घेऊन वर आल्या. ताट ठेवून कॉटवर बसल्या. "खाली जेवन जात नाही यायले," त्या म्हणाल्या. "बोलून तं बसले. आता काय करावं समजून नाही राह्यलं. माफी मांगाची सवयच नाही. ढोरायची माफी मांगा लागत नाही ना नोकरीत."

मला हसू आलं, पण मी खाली गेले नाही.

आणि मग पुढच्या रविवारी सकाळी अंगणात गलका झाला. मी गॅलरीत आले. खाली अंगणात, गंजी आणि पायजम्यावर, गुडघ्यांना टॉवेल गुंडाळून, काका हातापायांवर उभे होते. डाव्या हाताला आणि डाव्या पायाला काकूंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होती, उजवीकडे पांढरी. काकू कपाळाला हात लावून तुळशीपाशी उभ्या. शेजारच्या दोन्ही गच्च्या भरलेल्या.

"मोबाईल काढ!" काका खालून ओरडले. "हात म्हनजे पुढचे पाय! घे, सुरू झालो!"

आणि ते चालायला लागले. "एक! डावा मागचा! दोन! डावा पुढचा! तीन! उजवा मागचा! चार! उजवा पुढचा! पाह्य, मागचा कुठं पडला? पुढच्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच्याच ठशावर! आंधारात बैल खड्ड्यात कावून पडत नाही? पुढचा पाय जागा पाह्यते, मागचा त्याच्यावर इमान ठेवते!"

"काका, झालं काय तुमाले?" गच्चीवरून कोणीतरी विचारलं.

"बैल झालो!" काका मान वर न करता म्हणाले. "पाच! डावा मागचा!"

मी एका हातात मोबाईल धरून जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. मी त्यांच्या बाजूनं उकिडवी सरकत होते, शूट करत होते आणि स्वतःच ओरडत होते, "थांबा, काका! उजवा पुन्हा! खांदा, खांदा दाखवा!" आम्ही नळापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. तुळशीपाशी पोचल्यावर काकांना उठता येईना. त्यांच्या उजव्या गुडघ्यात एका म्हशीनं फार वर्षांपूर्वी लाथ घातली होती. मी आणि काकू दोन्हीकडून धरून उचलायला लागलो, तर ते घामाघूम होऊनही शिकवतच होते, "खांदे नका ओढू! आधी मागचं अंग उचला, मागचं अंग!"

गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे पलंग सांगितला. "मानसाचा डॉक्टर हाय तो," काका म्हणाले. "त्याले दोनच पाय माहीत."

आमच्यातलं भांडण मिटलं असं कोणी म्हटलं नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून तो व्हिडिओ दाखवायची आणि ते स्वतःच्या चालीतल्या चुका काढायचे. तीन आठवडे संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी घेतली आणि आम्ही एसटीनं हिवरखेडला गेलो.

कापूस वेचणीचे दिवस होते. डॉक्टर आले म्हटल्यावर स्टँडपासूनच माणसं मागं लागली. कोणी गाय दाखवत होतं, कोणी नुसताच हात धरत होतं. "पर्यवेक्षक," काका सांगत होते. "हो डॉक्टर," लोक म्हणत होते. शेवटी ते मला एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, घेऊन गेले. त्याचा बैल पाखऱ्या, पांढुरका, वयस्क, शांत डोळ्यांचा. शेतकऱ्यानं कासरा धरला.

"खांद्यावर हात ठेव," काका मला म्हणाले. "अन् डोळे मिट. वही काढू नको. मोबाईल काढू नको. तो चालते, तू चाल."

मी डोळे मिटले. पहिल्यांदा फक्त ऊब लागली आणि कातडीची बारीक थरथर. मग तो चालू लागला. आणि माझ्या तळहाताखाली हाड उठलं! एवढं मोठं हाड, कातडीखालून सरकत वर आलं, माझा हात घेऊन वर आलं, आणि पाऊल पुढे पडलं तसं हळूहळू खाली गेलं. मग त्या पावलावर भार आला. मला तो भार कळला. जमीन दाबली गेली, ते मला त्याच्या खांद्यातून कळलं. मग वशिंड एका बाजूला कललं, जरा उशिरानं, मग गळ्याची पोळी हलली, तीही आणखी उशिरानं. एकही गोष्ट दुसरीबरोबर हलत नव्हती. सगळं एकामागून एक येत होतं, आणि तरी ते सगळं मिळून एकच चालणं होतं.

"काका!" मी डोळे मिटूनच किंचाळले. "सारं उशिरानं येते, काका! आधी हाड, मंग भार, मंग वशिंड!"

"कोनाले सांगून राह्यली?" ते मागून म्हणाले, पण त्यांचा आवाज हसत होता.

दुपारपर्यंत मी त्या बैलाबरोबर चालले. खांद्यावर हात, मग पुठ्ठ्यावर, मग पाठीवर. कासरा धरलेला शेतकरी दमला. परतीच्या एसटीत मी तिकिटामागे, पेपरावर, काकांच्या औषधाच्या कागदावर, जिथं जागा मिळेल तिथं खांदे काढत आले.

मग खरं काम सुरू झालं. रोज सकाळी सहा ते आठ मी माझ्या लॅपटॉपवर बैल काढायची, नंतर आंघोळ करून स्टुडिओत जाऊन कात्रीचे पाय हलवायची. आठवड्याला एक चाल काकांना दाखवायची. ते चष्मा पुसून पाहत आणि निदान सांगत. पहिल्या आठवड्याला म्हणाले, "आता लंगडत नाही. पन पोटात काही नाही याच्या, उपाशी हाय." मी परत सगळं काढलं, पोटाला वजन दिलं. "जेवला," ते म्हणाले. "पन घाबरेल हाय. पाऊल टाकताना जमिनीवर भरवसा नाही त्याचा." मी पुन्हा काढलं. चाळीस सेकंदांच्या चालण्याला माझा दीड महिना गेला. शेवटचं पाहून काकांनी नुसता चष्मा घडी करून ठेवला. मला वाटलं, अजून काहीतरी राहिलं.

स्टुडिओत सरांना हे कळलंच. त्यांनी माझ्या मागे उभं राहून चाळीस सेकंद पाहिलं आणि विचारलं, "एका बैलामागे दीड महिना? तेवढ्यात अठरा गाणी होतात. कोण पाहणार आहे त्याचे पाय?"

त्याच आठवड्यात अकोल्यात कृषी प्रदर्शन होतं. पशुखाद्याच्या एका व्यापाऱ्याला स्टॉलवरच्या मोठ्या पडद्यासाठी बैल हवा होता, तोही चार दिवसांत. सरांनी आमच्या गाण्यातला नाचणारा बैल दाखवला. व्यापारी म्हणाला, "हा लावला तर शेतकरी हसतील मला." मी उठून माझा लॅपटॉप टेबलावर ठेवला. बैलात अजून रंगसुद्धा भरला नव्हता. नुसत्या रेषा. व्यापाऱ्यानं तो दोनदा पाहिला आणि मान डोलावली.

"लाव," सर शेवटी म्हणाले. "पण पाहायला कोणी थांबलं नाही, तर बैलासकट तू घरी."

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी काका काठी टेकत आले. मला पडद्याशेजारी उभं राहायला सांगितलं होतं, सर मागे हातांची घडी घालून उभे होते. काका पडद्यासमोर आलेच नाहीत. बाजूला खांबाशी उभे राहिले आणि पडद्याकडे पाठ करून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे पाहत राहिले. पहिली पंधरा मिनिटं लोक नुसतेच पुढे गेले. शेजारच्या स्टॉलवर ट्रॅक्टर होता, गर्दी तिकडे.

मग पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा चालता चालता थांबला. पडद्याकडे पाहत राहिला. त्याच्या मागून येणारा त्याला धडकला आणि तोही थांबला.

"चार दाती असंन, जवान," दुसरा म्हणाला.

"डोये फुटले काय?" म्हातारा म्हणाला. "जुना बैल हाय. पाऊल पाह्य, कसं जपून टाकते."

"पन चालते बेस."

"डाव्या अंगाचा हाय हा," गर्दीतून तिसरा म्हणाला. आता दहा-बारा जण जमले होते.

"कायवरून?"

"उजवीकडं कलते ना चालताना. जोडीदार उजवीकडं राह्यते त्याचा. सवय जात नाही बैलाची."

मी ते काढलं नव्हतं. म्हणजे काढलं होतं, पण मला माहीत नव्हतं. हाताला जाणवलं तसं काढलं होतं. मी खांबाकडे पाहिलं. काका आता पडद्याकडे वळले होते.

"पाखऱ्या जनमभर डावीकडं जुंपला," ते मला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

वाद बैलाच्या जातीवर गेला. कोणी म्हणे गावरान, कोणी म्हणे गवळाऊ. एकानं त्याच्या खुरांना तेल लावायला सांगितलं. ट्रॅक्टरच्या स्टॉलवरची माणसं काय झालं ते पाहायला इकडे आली. सर घडी सोडून पुढे आले आणि तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. गर्दीतून एक म्हातारी शेतकरीण वाट काढत पुढे आली, नऊवारीचा पदर खोचलेला, हातात बियाण्याची पिशवी. तिनं चाळीसच्या चाळीस सेकंद पाहिली, पुन्हा सुरुवातीपासून पाहिली.

"कोनाचा हाय हा बैल?" तिनं विचारलं.

काकांनी काठीनं माझ्याकडे दाखवलं. "हिचा," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. म्हातारीनं मला पाहिलं, बैलाला पाहिलं.

"काय चारता माय त्याले?"

माझ्यामागे त्या व्यापाऱ्याच्या पशुखाद्याची पोती छतापर्यंत रचलेली होती. नाव वाचायला नुसती मान वळवायची होती.

"तुरीचं कुटार," मी म्हटलं. "अन् संध्याकाळी सरकीची ढेप."

"म्हनूनच असा चालते," ती म्हणाली.